वर्ग चिखलदऱ्यात, कारभार अमरावतीत : विद्यापीठाच्या कायद्यांचा आढावा

परतवाडा मागे पडले की रस्ता घाटाला लागतो. मोथा ओलांडून चिखलदऱ्याला पोहोचेपर्यंत अमरावतीपासून ऐंशीहून अधिक किलोमीटर झालेले असतात. पर्यटक येथे देवी पॉइंट आणि गाविलगड पाहायला येतात. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती फारशी कोणी विचारात घेत नाही. येथे महाविद्यालय आहे, पदवीचे वर्ग भरतात आणि आजूबाजूच्या कोरकू गावांतली मुले-मुली त्या वर्गांत बसतात. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचते आहे, अशी यांतली अनेक घरे आहेत.

त्या वर्गात कोणता अभ्यासक्रम शिकवायचा, परीक्षा केव्हा घ्यायची, शिक्षकाच्या नेमणुकीला मान्यता द्यायची की नाही, नवी शाखा उघडायची की नाही, यांतले काहीही चिखलदऱ्यात ठरत नाही. ते ठरते अमरावतीला, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या वेगवेगळ्या मंडळांत. अमरावतीने काय ठरवावे याची चौकट मुंबईतल्या विधिमंडळाने कायद्यात आखून दिली आहे. त्या चौकटीवर दिल्लीतल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचेही नियम आहेत. गुणपत्रिकेत नाव चुकले म्हणून घाट उतरून अमरावतीला खेटे घालणाऱ्या विद्यार्थ्याला ही साखळी दिसत नाही. त्याला फक्त खिडकी दिसते.

ही साखळी कशी तयार झाली, तिच्यात सामान्य माणसाला जागा कोठे आहे आणि चिखलदरा ज्यात येतो त्या मेळघाटाच्या वाट्याला तिच्यातून काय आले, हे एकदा सलग मांडले पाहिजे. विद्यापीठ म्हणजे इमारत आणि परीक्षा एवढेच आपण धरून चालतो. विद्यापीठ आधी कागदावर जन्माला येते, आणि त्या कागदात जे लिहिलेले नसते ते नंतर मागूनही सहजासहजी मिळत नाही.

मुंबई ते नागपूर : पहिल्या सनदा

भारतातली पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ मध्ये कायद्याने स्थापन झाली: कलकत्ता, मुंबई आणि मद्रास. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ चा. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. कारभार पाहायला फेलोंची (सदस्यांची) सिनेट, म्हणजे आजच्या भाषेत अधिसभा, होती, फेलो सरकार नेमत असे आणि त्यांत प्रत्यक्ष शिकवणारे असलेच पाहिजेत असे बंधन नव्हते. 'संलग्न महाविद्यालय' या कल्पनेचे मूळ येथे आहे. चिखलदऱ्याचे महाविद्यालय आज ज्या नात्याने अमरावतीशी बांधलेले आहे, ते नाते या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या कल्पनेतून आले.

१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात भारतीय विद्यापीठ कायदा झाला. सिनेटची सदस्यसंख्या मर्यादित झाली, फेलोंना मुदत आली, काही जागा निवडणुकीने भरण्याची तरतूद झाली. पण बहुसंख्य जागा कुलपतीच्या नेमणुकीच्याच राहिल्या आणि सरकारची पकड घट्ट झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठ सरकारी खाते बनेल, ही त्यांची भीती होती. निवडून आलेले किती आणि नेमलेले किती, हा वाद तेव्हा सुरू झाला. सव्वाशे वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठ कायद्याच्या चर्चेत तो पुन्हा उभा राहतो.

वऱ्हाडापुरता या कथेचा आरंभ १९२३ चा. त्या वर्षी ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. सुरुवातीला संलग्न महाविद्यालये सहा आणि विद्यार्थी ९२७. त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, जे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले.

येथे वऱ्हाडची एक खास गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश मुलूख नव्हताच. १९०२ च्या करारानुसार इंग्रजांनी तो निजामाकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला होता आणि कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला होता. मध्य प्रांताचा कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. तो वेगळ्या अधिसूचनेने लागू करावा लागे. आपल्या भागाचा कायदा दुसरीकडे होतो आणि आपल्याकडे नंतर पोहोचतो, हा अनुभव वऱ्हाडाला तेव्हापासूनचा. वऱ्हाडचे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात थंड हवेसाठी चिखलदऱ्याला मुक्काम हलवत. त्यामुळे मेळघाटाच्या डोंगरावर साहेबांचे बंगले आधी आले, पदवीचे वर्ग फार नंतर.

शिक्षणसंस्था आधी, विद्यापीठ नंतर

वऱ्हाडात उच्च शिक्षण पसरवण्याचे खरे काम संस्थांनी केले. डॉ. पंजाबराव देशमुख १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. त्यांनी उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था कुणब्या-माळ्यांच्या, शेतमजुरांच्या मुलांना हायस्कुलापर्यंत आणि पुढे महाविद्यालयापर्यंत घेऊन गेली. महाविद्यालये वाढत गेली तसा नागपूरचा पसाराही वाढला. बुलढाण्याच्या टोकाच्या गावातल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या कामासाठी नागपूर गाठायचे म्हणजे अख्खा विदर्भ ओलांडायचा.

विद्यापीठासाठी माणसे रस्त्यावर येतात, हेही वऱ्हाडाने पाहिले आहे. कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावे म्हणून १९६७ मध्ये आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसांचे प्राण गेले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ आले. आज ते पंजाबरावांच्या नावाने ओळखले जाते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, पण नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी जे सोसले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. विद्यापीठाच्या कायद्यातले एक नाव बदलणे हेसुद्धा समाजाच्या दृष्टीने किती मोठे असते, हे त्या वर्षांनी दाखवले.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी, महाराष्ट्र दिनी, अस्तित्वात आले. नागपूर विद्यापीठाचे विभाजन करून, स्वतंत्र कायद्याने ते स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाल्यावर जिल्हे पाच झाले. डॉ. के. जी. देशमुख पहिले कुलगुरू. २००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. दोघेही अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र, एक शेंडगावचे आणि एक यावलीचे.

गाडगे बाबांच्या नावात कारभाराचाही एक धडा आहे. शाळेत न गेलेल्या या माणसाने धर्मशाळा उभ्या केल्या, शाळा-वसतिगृहांना हात दिला आणि आयुष्याच्या अखेरीला, १९५२ मध्ये, हे सारे एका मिशनच्या हवाली केले. स्वतःच्या कुटुंबाचा हक्क त्यात ठेवला नाही. सार्वजनिक संस्था कोणाच्या मालकीची नसते, तिची व्यवस्था कागदावर स्वच्छ लिहून ठेवावी लागते, हे त्यांनी जाणले होते.

चार कायदे, एक ओढाताण

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांच्या कारभारावर जो गंभीर विचार झाला त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या कारभारावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही सांभाळले होते. त्यानंतर १९७४ मध्ये महाराष्ट्राने प्रत्येक विद्यापीठासाठी नवे, पण एकाच धाटणीचे कायदे केले. अमरावतीचा १९८३ चा कायदा त्याच परंपरेतला.

१९९४ मध्ये हे सगळे वेगळे कायदे रद्द होऊन एकच महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला. यात सोय होती, तशी किंमतही होती. नागपूर, अमरावती, कोल्हापूर, मुंबई या सगळ्यांना एकच साचा लागू झाला. अमरावती विद्यापीठाचा स्वतःचा स्थापनेचा कायदा संपला आणि ते राज्याच्या कायद्याच्या परिशिष्टातली एक नोंद होऊन राहिले. प्रदेशानुसार वेगळी रचना करण्याची जागा मूळ कायद्यातून गेली. उरली ती परिनियमांत.

२०१० नंतर कायदा पुन्हा बदलावा म्हणून डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या समित्यांनी शिफारशी केल्या. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, डिसेंबर २०१६ मध्ये नागपूर अधिवेशनात मंजूर झाले आणि १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू झाला. आज अमरावती विद्यापीठ आणि म्हणून चिखलदऱ्याचे महाविद्यालय याच कायद्याने चालते.

या प्रवासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो: कायद्यागणिक विद्यापीठाची मंडळे वाढत गेली आणि शेवटी निवडणुकीपेक्षा नेमणुकीचे वजन वाढले. २०१६ च्या कायद्यात नवोपक्रम, संशोधन, माहिती तंत्रज्ञान, आजीवन अध्ययन, विद्यार्थी विकास अशी अनेक मंडळे आहेत. कामाची विभागणी म्हणून ती चांगली आहेत. पण अधिष्ठात्यासारखे पद, जे पूर्वी निवडणुकीने भरत असे, ते आता पूर्णवेळ आणि नेमणुकीचे झाले. निवडणुकांतल्या गटबाजीला लोक कंटाळले होते हे खरे आहे. तरी गटबाजी नेमणुकीनेही संपत नाही. ती फक्त मतदारांच्या नजरेआड जाते.

आजची रचना : कोण काय ठरवते

विद्यापीठाचे कागद उतरंडीसारखे एकावर एक असतात. सर्वांत खाली, आधाराला, विधिमंडळाचा कायदा. त्यावर परिनियम, ते अधिसभा करते आणि कुलपतींच्या संमतीने लागू होतात. त्यावर अध्यादेश, ते व्यवस्थापन परिषद करते. (हा सरकारचा अध्यादेश नव्हे, प्रवेश, परीक्षा, शुल्क यांचे विद्यापीठापुरते नियम.) त्यावर विनियम. आणि जेथे अध्यादेश अजून झालेला नाही तेथे कुलगुरूंचे निदेश. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत 'डायरेक्शन नंबर अमुक' हे शब्द प्राध्यापकांच्या तोंडी सहज असतात. परीक्षेची कितीतरी व्यवस्था या निदेशांवर चालते. तात्पुरती सोय म्हणून काढलेला निदेश वर्षानुवर्षे चालू राहतो तेव्हा सभेत चर्चा होऊन ठरायची गोष्ट एका सहीने ठरलेली असते. कारभाराच्या दृष्टीने ही सवय बरी नाही.

राज्यपाल हे कुलपती. कुलगुरू पाच वर्षांसाठी. त्यांच्यासोबत प्र-कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि चार विद्याशाखांचे अधिष्ठाते: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

मंडळांत महत्त्वाची चार. अधिसभा अंदाजपत्रक पाहते, लेखे तपासते आणि समाजाचे म्हणणे विद्यापीठापर्यंत पोहोचवते. वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हावी लागते. व्यवस्थापन परिषद रोजचे निर्णय घेते. विद्या परिषद अभ्यासक्रमांचा दर्जा आणि धोरण ठरवते. अभ्यास मंडळ एकेका विषयाचा अभ्यासक्रम तयार करते.

अधिसभेत कोण असते? निवडून आलेले दहा प्राचार्य, दहा महाविद्यालयीन शिक्षक, तीन विद्यापीठ शिक्षक, संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी आणि दहा नोंदणीकृत पदवीधर. पदवीधरांच्या दहा जागांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. आमदारांचे प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी आणि नामनिर्देशित सदस्यही असतात.

कागदावर ही रचना बरीच उदार आहे. पण तिच्या दोन भिंती लहान महाविद्यालयाला आडव्या येतात. पहिली, शिक्षक म्हणून मत देण्याचा हक्क पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकाला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला नाही. डोंगरातल्या महाविद्यालयात पदे रिकामी राहतात आणि वर्ग तासिकांवरच चालतात. म्हणजे जेथे शिकवणारा सर्वांत अडचणीत आहे तेथेच मतदारयादी सर्वांत तोकडी. दुसरी, विद्यार्थी प्रतिनिधित्व. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका परत आणल्या. महाराष्ट्रात त्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या होत्या. २०१९ मध्ये वेळापत्रक ठरले आणि पुढे ढकलले गेले. मेळघाटातल्या मुलीला अधिसभेत बोलण्याचा मार्ग कायद्यात आहे. तो चालू करणे बाकी आहे.

कुलगुरू कोण निवडतो, हा खरा झगडा

गेल्या काही वर्षांत विद्यापीठाच्या कारभारावर जी सर्वांत मोठी चर्चा झाली ती कुलगुरूनिवडीची. शोध समिती नावे सुचवते आणि कुलपती निवड करतात, ही जुनी पद्धत. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. राज्य सरकारने दोन नावे राज्यपालांकडे पाठवावी आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती असावेत, अशी त्यात तरतूद होती. त्याला राज्यपालांची संमती मिळाली नाही आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले.

याच काळात सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि केरळच्या प्रकरणांत सांगितले की कुलगुरूची नेमणूक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांविरुद्ध झाली तर ती टिकणार नाही. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, त्याचा हा थेट परिणाम. राज्याचा कायदा, दिल्लीचे नियम आणि राजभवन या तिघांची रस्सीखेच यामुळे चालू राहते.

माझे मत स्पष्ट आहे. मंत्री प्र-कुलपती झाला तरी आणि राजभवनाने एकट्याने निवड केली तरी विद्यापीठाचा तोटाच होतो. कुलगुरू ज्या पाच जिल्ह्यांसाठी काम करणार, त्या जिल्ह्यांतल्या अधिसभेला या निवडीत काहीच जागा नाही, ही खरी उणीव आहे. शोध समितीत येणारी नावे आणि त्यांनी विद्यापीठासाठी मांडलेली कामाची योजना अधिसभेसमोर यावी, एवढी तरतूद परिनियमाने करता येण्यासारखी आहे.

मेळघाटासाठी तीन कागद

आता चिखलदऱ्याकडे परत येऊ. पहिला कागद संविधानाची पाचवी अनुसूची. मेळघाटातले चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके तिच्याखालील अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्या अनुसूचीनुसार राज्यपाल राज्याचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही किंवा विशिष्ट बदलांसह लागू होईल, असे अधिसूचनेने सांगू शकतात. दुसरा कागद अनुच्छेद ३७१(२). विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधी झालेल्या नागपूर करारातून आलेल्या अपेक्षा त्यामागे आहेत. विदर्भासाठी विकास मंडळ आणि तंत्रशिक्षण-व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी यांची विशेष जबाबदारी त्याने राज्यपालांवर टाकली. विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तिसरा कागद विद्यापीठ कायदा, ज्यात हेच राज्यपाल कुलपती आहेत.

तीन वेगळ्या कागदांनी मेळघाटाच्या शिक्षणाची जबाबदारी एकाच पदावर येऊन ठेपते. तरीही हे कागद एकमेकांशी बोलत नाहीत. अनुसूचित क्षेत्रातल्या महाविद्यालयांना पदभरती, संलग्नीकरण, विद्यार्थिसंख्येच्या अटी किंवा परीक्षा केंद्र यांत वेगळी वागणूक मिळावी, यासाठी पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरता येतो. या मुद्द्यावर विद्यापीठ, आदिवासी विकास विभाग आणि राजभवन यांनी एकत्र बसणे गरजेचे आहे.

विद्यापीठ कायद्यातही तरतूद आहे. विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा आणि सोयी नसलेल्या, मागास भागांकडे विशेष लक्ष द्यायचे, असे कायदा सांगतो. नवी महाविद्यालये त्या आराखड्याप्रमाणे निघायची. पण आराखड्याचा अर्थ अनेकदा 'किती नवी महाविद्यालये द्यायची' एवढाच घेतला जातो. मेळघाटाला आणखी एक विनाअनुदानित फलक नको आहे. आहेत त्या महाविद्यालयांत प्राध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह आणि प्रयोगशाळा हवी आहे.

अभ्यासक्रमाचेही तसेच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीपेक्षा तिचे नाते झारखंड-ओडिशातल्या मुंडारी, संथाळीशी जवळचे. चिखलदरा हा महाराष्ट्रात कॉफी पिकवणारा दुर्मीळ भाग. व्याघ्र प्रकल्प १९७४ पासून येथे आहे. वनहक्क, ग्रामसभेचे अधिकार, मधसंकलन, रानभाज्या, वनौषधी, मातीधूप हे विषय येथल्या मुलांच्या घरात रोज आहेत. ते पदवीत आणायचे तर वाट ठरलेली आहे: अभ्यास मंडळात प्रस्ताव, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद, मग आर्थिक बाजू असेल तर व्यवस्थापन परिषद. या वाटेच्या पहिल्या पायरीवर मेळघाटाचा माणूस बसलेला हवा.

शेजारचे नमुने

वेगळी रचना शक्य आहे हे जवळपासच दिसते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ दुसऱ्या कायद्याने चालते. तेथे कृषिमंत्री प्र-कुलपती असतात, कारभार कार्यकारी परिषदेकडे आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचा मेळ पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद घालते. संशोधन केंद्रे शेतापर्यंत गेलेली असतात, हे त्याचे बळ. सरकारवर अधिक अवलंबून राहणे, ही त्याची अडचण.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले. जंगलातल्या जिल्ह्यांना नागपूरहून हाकता येणार नाही, हे मान्य करूनच ते झाले. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, जेथे महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला, तेथे मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. डॉ. सदानंद मोरे यांच्या समितीने त्याचा विचार मांडला, २०२३ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. एका विशिष्ट कामासाठी स्वतंत्र सनद देता येते, याचे हे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण.

पण मेळघाटाला स्वतंत्र विद्यापीठ मागावे असे मी म्हणणार नाही. दोन तालुक्यांच्या बळावर विद्यापीठ उभे राहत नाही. उभे केले तर त्याची पदे रिकामी आणि तिजोरी कोरडी राहील. २०१६ च्या कायद्यात उपपरिसराची व्यवस्था आहे. लातूर, धाराशिव, रत्नागिरी येथे इतर विद्यापीठांचे उपपरिसर आहेत. बुलढाण्यात अमरावती विद्यापीठ स्वतः मॉडेल डिग्री कॉलेज चालवते. तेव्हा मेळघाटात विद्यापीठाचे स्वतःचे केंद्र असणे कायद्यात बसते आणि कामातही शक्य आहे.

ही मागणी आज करण्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. महाविद्यालयाने एकतर स्वायत्त व्हावे किंवा विद्यापीठात विलीन व्हावे. अमरावती, अकोल्याची मोठी महाविद्यालये स्वायत्त होतील. जंगलातले छोटे महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल कशाच्या बळावर सांभाळणार? त्याला विद्यापीठाने आपले म्हणून उचलले नाही, तर १८५७ पासून चालत आलेला तो धागा तुटेल आणि हाती दुसरा काही येणार नाही.

काय करायचे

पुढच्या बृहत् आराखड्यात मेळघाटासाठी वेगळे प्रकरण असावे. परिनियम दुरुस्तीने मेळघाटातल्या महाविद्यालयांतून एक शिक्षक आणि एक पदवीधर अभ्यास मंडळांवर किंवा अधिसभेत निमंत्रित म्हणून असावा. धारणी किंवा चिखलदऱ्यात विद्यार्थ्यांची कामे होतील असे, निर्णयाचा अधिकार असलेले केंद्र उघडावे. अनुसूचित क्षेत्रातल्या महाविद्यालयांच्या पदभरतीसाठी पाचव्या अनुसूचीचा अधिकार राज्यपालांनी वापरावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

आणि एक काम आपले आहे. अधिसभेतल्या दहा पदवीधरांना मत देण्याचा हक्क फक्त नोंदणी केलेल्या पदवीधराला आहे. चिखलदरा, धारणी, सेमाडोह, हरिसाल या गावांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुला-मुलींची संख्या आता थोडी नाही. त्यांतले किती जण या यादीत आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर कोण जातो, हे ठरवण्यात मेळघाटाच्या मतांनाही वजन येऊ शकते. पुढच्या निवडणुकीआधी अर्ज भरा, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि घाटाखालच्या मित्रालाही भरायला लावा. अधिसभेची बैठक वर्षातून दोनदा होते. तेथे मेळघाटाचे नाव घेणारा एक माणूस तरी आपल्या मताने गेलेला असावा.